ट्रेलर ओढत वाळवंटातल्या कॅम्पग्राउंडला, सोबत दोन सायकली: प्रवासाच्या दिवसाचं कसं जमवायचं?

फोंड्याची_सायकलवाली

नमस्कार मंडळी. मी आणि माझे मिस्टर, दोघंही सायकलवाले. रविवारी फोंड्याहून मोलेपर्यंत जाऊन येणं, पाऊस सरला की चोर्ला घाट, आणि मूड असला तर सावईवेऱ्याच्या कुळागरांतून उगाच भटकणं, एवढाच आमचा पराक्रम. तर फेब्रुवारीत लेकाकडे सॅन डिएगोला चाललोय आणि लेकाने परस्पर एक बेत आखून ठेवलाय. त्याच्या मित्राचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे (आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की कंटेनरवाला डोळ्यासमोर येतो, तसला नव्हे, चाकांवरची खोली म्हणा, आत बेड, गॅस, फ्रीज, बाथरूम सगळं), तो लेकाच्या पिकअपला जोडायचा, आमच्यासाठी घेऊन ठेवलेल्या दोन सेकंडहँड ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या सायकली) लावायच्या आणि आम्ही दोघांनीच आठवडाभर वाळवंटात जाऊन राहायचं. लेकाला सुट्टी नाही, म्हणजे गाडी आमच्या ह्यांनी चालवायची.

ह्यांचा आत्मविश्वास दांडगा. म्हणतात, फोंड्याच्या बाजारात गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी पार्क करणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या रुंद रस्त्यांची कसली भीती. मला आहे.

जागा दोन डोक्यात आहेत. एक अँझा-बोरेगो, वाळवंटातलं सरकारी पार्क, कॅलिफोर्नियातच, ९०-१०० मैलांच्या आत. दुसरं अरिझोनातलं टुसॉन, कारण तिथे हिवाळ्यात सायकलवाल्यांची जत्रा असते म्हणे आणि गाड्या नसलेले सायकल मार्ग पण खूप, पण ते ४०० मैलांवर. ह्यांचं मत टुसॉन, एका दिवसात. माझं मत अजून बनायचंय.

सायकली कुठे लावायच्या? ट्रेलरच्या मागच्या बंपरला रॅक लावू म्हणतो लेक. सकाळी किती वाजता निघावं, पोचल्यावर काय काय करावं लागतं, त्याच संध्याकाळी सायकल काढता येईल का? आणि हसू नका पण, चालत्या ट्रेलरमध्ये मागे बसून मला चहा करता येईल का?

---

बेतीचा_बोटवाला

ताई, चहाचं आधी सांगून टाकतो, नाही. कॅलिफोर्नियात चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणूस बसवायला कायद्यानेच बंदी आहे, आणि नसती तरी बसू नका. चहा थर्मासात भरून पुढे घेऊन बसा.

मी कधी अमेरिकेला गेलेलो नाही पण बोट ट्रेलरवर घालून बेती, मालीम, शापोरा अशी ने-आण करण्यात हयात गेली, आणि ट्रेलर बोटीचा असो की खोलीचा, वजनाचं गणित तेच. ट्रेलरचं जे एकूण वजन असेल ना त्याच्या दहा ते पंधरा टक्के वजन पुढे हुकवर पडलं पाहिजे. दोन टनांचा ट्रेलर असेल तर दोनशे ते तीनशे किलो. हे कमी झालं की स्पीडला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि एकदा का हलायला लागला की गाडीला घेऊन हलतो. आता तुमचा लेक म्हणतोय मागच्या बंपरला रॅक. दोन सायकली, रॅकचं लोखंड, मिळून चाळीसेक किलो धरा, आणि ते लटकणार कुठे तर ट्रेलरच्या चाकांपासून सगळ्यात लांब. कावडीसारखं आहे ते, मागच्या टोकाला वजन टाकलं की पुढचं टोक उचललं जातं. वर ट्रेलरचा मागचा भाग रस्त्यावर जेवढा उडतो तेवढा गाडीचा पण उडत नाही, त्यामुळे रॅकचे वेल्डिंग सुटणं, बंपरच वाकणं असले प्रकार होतात. बऱ्याच ट्रेलरचा बंपर रॅकसाठी बनवलेलाच नसतो, ते मॅन्युअलात लिहिलेलं असतं, बघून घ्या. पिकअप आहे ना? मग सायकली पिकअपच्या हौद्यात उभ्या करून पुढची चाकं काढून बांधा, नायतर सरळ ट्रेलरच्या आत जमिनीवर, चाकांच्या आसाच्या वर किंवा जरा पुढे, खाली जुनी गोधडी घालून. चेनचं ग्रीस गादीला लागलं म्हणून कोणी मरत नाही.

पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर आहे का विचारा, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबायची छोटी कळ असते ती. ट्रेलर हलायला लागला तर गाडीचा ब्रेक कचकन दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ती कळ हळू दाबायची. मिस्टरांना हे बसल्या बसल्या पाठ करायला लावा, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो आणि हात आपोआप चुकीचंच करतात.

रिव्हर्स. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला हात न्यायचा. थोडा थोडा. रविवारी सकाळी कुठलंतरी रिकामं पार्किंग गाठून तासभर हेच करा, तुम्ही मागे उभ्या राहून खुणा करा, आणि खुणा आधीच ठरवून घ्या. बोट उतरवताना धक्क्यावर नवराबायकोची भांडणं आम्ही रोज बघतो, सगळी ह्या खुणांवरून.

---

परतलेला_अरिझोनाकर

म्हापशाचा मी, टुसॉनला बरीच वर्षं काढून परत आलो. त्यामुळे टुसॉनची बाजू मी घ्यायला हवी, पण नाही घेणार. वहिनी, बोरेगोला जा.

टुसॉन सायकलला झकास आहे ह्यात वादच नाही, शहराभोवती कोरड्या नदीपात्रांच्या काठाने द लूप म्हणून मार्ग आहे, सव्वाशे मैलांच्या वर, गाड्या नाहीत, आणि माउंट लेमनचा चढ म्हणजे निवडुंगातून सुरू होऊन पाइनच्या जंगलात संपतो. पण सॅन डिएगोहून तिथे ट्रेलर ओढत जायचं म्हणजे आय-८ हायवेने आधी ४००० फुटांच्या वर चढायचं, मग एल सेंट्रोला समुद्रसपाटीच्याही खाली उतरायचं, मग युमा, मग तासन्‌तास सरळ रस्ता. ट्रेलर लावलेल्या गाडीला कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, ९० किलोमीटरही नाही, बाकीच्यांची पाटी ७० ची असली तरी. त्यात पेट्रोलचं ॲव्हरेज निम्म्याला येतं म्हणजे थांबे वाढले, अरिझोनात शिरलं की हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे, आणि फेब्रुवारीत साडेपाच-सहाला अंधार पडायला लागतो. पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्या माणसाने अंधारात अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये रिव्हर्स घेणं, हे मी दुश्मनाला पण सांगणार नाही. टुसॉनला जायचंच तर दोन दिवसांत जा, मध्ये मुक्काम करा. आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, त्या बाजूच्या हायवेंवर बॉर्डर पेट्रोलच्या चेकपोस्ट असतात.

आता बोरेगो. नकाशा तुम्हाला रँचिटावरून एस-२२ ने खाली उतरवेल कारण ते जवळ पडतं. ऐकू नका. तो माँटेझुमा ग्रेड, अकरा-एक मैलांत ३००० फुटांहून जास्त उतार, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. ज्युलियनवरून ७८ नंबरने उतरायचा बॅनर ग्रेड पण अरुंद आणि वळणांचा. ट्रेलरवाल्यांनी सांता इसाबेलहून ७९ ने उत्तरेला जायचं, मग एस-२ ने खाली सिझर्स क्रॉसिंगपर्यंत, तिथून ७८ ने पूर्वेला आणि एस-३ ने याकी पास ओलांडून बोरेगो स्प्रिंग्ज गावात. लांब पडतं पण जिवाला घोर नाही. उतार तरीही आहेतच, तिथे आपल्या अनमोड घाटात ट्रकवाले करतात तेच करायचं, ज्या गियरात चढलो असतो त्याच गियरात उतरायचं, पिकअपला ओझं ओढताना वापरायचा टो-हॉल मोड असतो तो चालू ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. टाकी रमोनाला फुल करा. पुढे फोनला रेंज येते जाते, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

निघायचं नऊ-साडेनऊला, ऑफिसची गर्दी ओसरली की. त्याआधी दोघांनी मिळून गाडीभोवती एक फेरी: हुक लॉक झालंय का, साखळ्या खाली क्रॉस करून लावल्यात का, लाईट आणि इंडिकेटर, टायरची हवा, छतावरच्या खिडक्या बंद, पायरी आत, गॅस सिलिंडर बंद, फ्रीजचं दार अडकवलंय का. पंधरा-वीस मैलांवर पहिला थांबा घ्या आणि चाकांचे नट आणि साखळ्या परत बघा, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी काय सैल व्हायचं ते तेवढ्यात होतं. दुपारी दोनपर्यंत पोचाल.

पोचल्यावरचा क्रम महत्त्वाचा. आधी डावं-उजवं लेव्हल, ज्या बाजूला खाली आहे त्या चाकाखाली फळ्या घालून. मग दोन्ही चाकांना पाचर. पाचर लावल्याशिवाय हुक सोडायचं नाही, नाही म्हणजे नाही. मग जॅकवर पुढचं टोक घेऊन गाडी सोडवायची, पुढचं-मागचं लेव्हल करायचं, कोपऱ्यांचे पाय खाली. विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करून मगच वायर लावायची आणि मग चालू. पाणी, शेवटी सांडपाण्याचा पाइप. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र उघडा टाकून बसू नका, पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाला बसतं, पुढचं वर्णन नको. टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम सोडायची, त्यानंतर आंघोळीच्या पाण्याची टाकी सोडायची म्हणजे पाइप धुऊन निघतो.

बोरेगो पाम कॅनियन कॅम्पग्राउंडमध्ये पाणी-वीज-सांडपाणी असलेल्या जागा आहेत, सहा महिने आधी बुकिंग उघडतं. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, तो वीकेंड टाळा. पार्कात मोकळ्यावर फुकट राहायला पण परवानगी आहे पण पहिल्या खेपेला ते नको, वाळूत चाक रुतलं तर काढणार कोण.

---

साळगावकर_नुसता_बघतो

एवढं सगळं करण्यापेक्षा एक खोली घ्या, सायकली पिकअपमध्ये टाका, झालं. नायतर जैसलमेरला जा, वाळू तीच.

---

फोंड्याची_सायकलवाली

जैसलमेरला लेक नाही ना माझा.

बाकी सगळ्यांचे आभार, हे सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टुसॉन रद्द. रॅकचं पण पटलंय, लेकाला फोन केला तर म्हणाला हौद्यात मावतील. अरिझोनाकर भाऊ, गोव्याचं लायसन्स तिकडे चालतं का? आणि त्याच संध्याकाळी सायकलचं काय?

---

परतलेला_अरिझोनाकर

आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, कॅलिफोर्नियात पाहुण्याला स्वतःच्या देशातल्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून सोबत ठेवा, इन्शुरन्सवाला आणि पोलीस दोघांनाही बरं वाटतं. खरा प्रश्न इन्शुरन्सचा आहे. ट्रेलर मित्राचा, पिकअप लेकाची, चालवणारे तिसरेच. मिस्टरांचं नाव दोन्हीकडे लेखी घेतल्याशिवाय चावी हातात घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकांना मालकाने "सगळं कव्हर आहे" असं तोंडी सांगितलं होतं, खांबाला कोपरा घासला आणि मग कोण कुणाला ओळखतं.

आणि विमानातून उतरल्यावर लगेच ट्रेलर ओढायला नको, साडेतेरा तासांचा फरक आहे, दुपारी दोनला शरीराला पहाटेचे साडेतीन वाटतात. आधी चार दिवस नुसती पिकअप चालवू द्या, उजव्या बाजूचा रस्ता आणि डावीकडचं स्टिअरिंग अंगवळणी पडू दे, मग मागे खोली जोडा.

---

घाटात_घाम

संध्याकाळच्या सायकलवर मी बोलतो, भाचीकडे गेलो होतो तेव्हा बोरेगोत चालवली आहे.

काढा की. पण तासाभराचीच आणि सपाट. कॅम्पग्राउंडवरून गावात उतरायचं, मधोमध ख्रिसमस सर्कल नावाचं मोठं गोल सर्कल आहे, गावात सिग्नल म्हणून नाहीच, तिथून बोरेगो स्प्रिंग्ज रोडने उत्तरेकडे गेलात की दोन्ही बाजूंच्या उघड्या जमिनीवर लोखंडी जनावरं उभी दिसतात. हत्ती, घोडे, उंट, आणि एक साडेतीनशे फुटांचा सर्पासारखा ड्रॅगन, त्याचं धड रस्त्याच्या एका बाजूला वाळूत बुडतं आणि दुसऱ्या बाजूला वर येतं, रस्ता मधून जातो. रिकार्डो ब्रेसेडा नावाच्या शिल्पकाराची कामं ती, सगळ्या परिसरात मिळून शंभराच्या वर आहेत. ड्रॅगनच्या मिशा जवळून बघा, पत्र्याच्या कातरलेल्या पट्ट्या आहेत नुसत्या.

पण सायकल रस्ता सोडून वाळूत घालू नका. सराटे. आपल्याकडे घाटावर शेताच्या बांधाला ज्याच्यावर पाय पडला की माणूस बोंबलतो तेच काटे, तीच जात, तिकडे पण पोचलेत आणि तिकडचे सायकलवाले त्यांना शिव्या घालतात. टायर ट्यूबलेस असतील तर सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ताजं भरून घ्या, ट्यूब असेल तर ट्यूबमध्ये पण भरता येतं. काटा दिसला तर लगेच उपटू नका, चाक फिरवून सीलंट तिथे आणा मग उपटा. आणि खिशात एक साधा केस विंचरायचा कंगवा ठेवा. चोया नावाचं निवडुंग असतं, त्याचा गोळा नुसत्या धक्क्याने पायाला चिकटतो, हाताने काढायला गेलं की हाताला चिकटतो. कंगवा मधे घालून झटकायचा. पायवाटांवर सायकलला बंदी आहे, गाड्यांना उघडे असलेले कच्चे रस्ते चालतात.

ताई, आपल्या गोवेकरांना तिकडे सगळ्यात फसवतो तो घाम. इथे चोर्ला चढताना जर्सी पिळून काढतो आपण, म्हणून कळतं की पाणी गेलं. तिकडे घाम येतो आणि अंगावरच वाळतो, कातडी कोरडी, फक्त कपाळावर मिठाची भुकटी. तहान लागायची वाट बघाल तर उशीर होईल. घड्याळ लावून प्या. दिवसाला माणशी एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर हा तिकडचा साधा हिशोब, सायकल चालवणार असाल तर त्याच्या वर. हवा मस्त असते, दिवसा वीस-बावीस आणि रात्री सात-आठवर येते, त्यामुळे सूर्य डोंगराआड गेला की विंडचिटर नसेल तर दात वाजतात. लाईट मागची-पुढची दोन्ही न्या, कारण २००९ पासून ते गाव डार्क स्काय म्हणून जाहीर आहे, मुद्दाम दिवे कमी ठेवतात, अंधार म्हणजे खराखुरा अंधार.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाय मोकळे झाले की, अरिझोनाकर म्हणाले तो माँटेझुमा ग्रेड सायकलने चढा. ट्रेलरसाठी तो वाईट, सायकलसाठी सोनं. पहाटे निघा कारण सावली शून्य, आपल्या चोर्ल्यासारखी झाडं नाहीत, वाटेत पाण्याची सोय पण नाही. चढ कुठेच जीवघेणा नाही पण सोडत पण नाही. वर पोचून वळलं की सगळं खोरं पायाखाली आणि पलीकडे साल्टन सी नावाच्या खाऱ्या सरोवराच्या बाजूचा धुरकट पट्टा. उतरताना वारा बघा, आडवा येतो आणि उंच रिमचं चाक असेल तर हिसका देतो.

---

बेतीचा_बोटवाला

वाऱ्यावरून आठवलं, ट्रेलरला बाहेर गुंडाळीची कापडी छपरी असते ना, रात्री झोपताना ती आत घ्यायलाच लावा. शिडाचं काम करते ती.

---

फोंड्याची_सायकलवाली

लिहून घेतलं सगळं, कंगव्यासकट. ह्यांनी आजपासून कुंडईच्या रिकाम्या प्लॉटवर शेजाऱ्याच्या बोटीचा ट्रेलर घेऊन रिव्हर्सची प्रॅक्टिस करायचं ठरवलंय, शेजाऱ्याला अजून विचारलेलं नाही.

एक शेवटचं. तिकडे इंडियन दुकानात सुके बांगडे मिळतात म्हणे. ट्रेलरमध्ये भाजले तर चालतील का?

---

परतलेला_अरिझोनाकर

आत नको वहिनी, आठवडाभर त्याच गादीवर झोपायचंय, आणि मग ट्रेलर मित्राला परत पण द्यायचाय. बाहेर टेबलावर छोटी गॅस शेगडी ठेवून भाजा, वारा बघून, शेजारच्या साइटवर कोण आहे ते बघून. राहिलेलं आणि काटे सगळं झाकणाच्या कचरापेटीत, टेबलावर ठेवलंत तर रात्री कोयोटी (कोल्ह्यासारखी जनावरं) येतात. लाकडं पेटवायची तर कॅम्पग्राउंडच्या लोखंडी रिंगमध्येच, आणि पार्कातली पडलेली काटकी पण उचलायची नाही, लाकूड विकत घ्यावं लागतं.